भिवराची भुई

आमच्या हिवरदऱ्यात पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याचा पाय हमखास चुकतो. दुसऱ्या कुठल्याही गावात घरात शिरायचं म्हणजे पायरी चढायची, जोत्यावर जायचं. आमच्याकडे उंबरा ओलांडला की खाली उतरावं लागतं, कुठे वीतभर, कुठे चांगलं हातभर. मघाशी तुमचे चष्मेवाले सर माझ्या घरात जवळजवळ दंडवत घालतच आले, त्यांनी ते मनाला लावून घेऊ नये. आमच्याकडे नवी नवरीसुद्धा माप ओलांडताना सासूचा हात धरून उतरते.

तुम्ही शेतकी कॉलेजची मुलं सकाळपासून आमच्या रानातली माती बाटल्यांत भरताय, तिच्यात कसलंसं पाणी ओतून रंग बघताय. तुमच्यातल्या एका मुलीनं मला विचारलं, आबा, सगळ्या डोंगरउतारावर नुसता मुरूम आहे, मग तुमच्याच शिवारात ही काळी, भुसभुशीत माती आली कुठून? बाटलीत उत्तर सापडलं तर मलाही कळवा. माझ्याकडे आहे ते आजोबांकडून ऐकलेलं, आणि त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं. त्यातलं खरं किती आणि सांगता सांगता वाढलेलं किती, हे मी निवडत बसलो नाही. पण घरं खोल का आणि रान काळं का, या दोन्हीचं कारण एकच आहे, आणि ते कारण म्हणजे भिवरा नावाची एक बाई. सावलीला या, सांगतो.

तो समोरच्या डोंगरावर पडका तट दिसतो ना, तिथपासून सुरुवात करावी लागते. असं सांगतात की तो गड बांधायला घेतला तेव्हा हिवरदरे चाळीस उंबऱ्यांचं गाव होतं. गड कुणी बांधला हे आता कुणाला सांगता येत नाही. एवढा खटाटोप केला बिचाऱ्यानं आणि नावसुद्धा मागे राहिलं नाही. तर गडाला चुना लागायचा, चुन्याला भट्टी लागायची आणि भट्टीला जळण. डोंगरावरची झाडं पहिल्या दोन वर्षांतच संपली. मग गडावरची माणसं खाली उतरली आणि गावोगाव गोवऱ्या मागू लागली. गोवऱ्यांच्या बदल्यात मीठ द्यायची, गूळ द्यायची, चांगल्या गोवऱ्या असल्या तर लुगडंसुद्धा. गावानं जन्मात अशी चैन पाहिली नव्हती.

भिवरा ही ज्योत्याजी नावाच्या कुणब्याची बायको. लग्न होऊन आली ती खालच्या नदीकाठच्या गावातून, आणि येताना हातात एक कसब घेऊन आली. शेणात बाजरीचं भूस आणि वाळका पाला मळून ती अशी गोवरी थापायची की ती भडकायची नाही, सावकाश जळायची आणि शेवटपर्यंत धग धरून ठेवायची. भट्टीवाले तिचीच गोवरी मागू लागले. मग गावातल्या बायका तिच्याकडे शिकायला आल्या, आणि तिनं हातचं काही राखून न ठेवता सगळ्यांना शिकवलं. दिवाळी सरली की घरोघरी गोवऱ्यांचे रचलेले हुडवे आढ्याला टेकायचे. तिला गडावरून हिरवं लुगडं आलं. ते नेसून ती पाणवठ्यावर गेली तेव्हा बाकीच्या बायकांनी तिला घागर उचलू दिली नाही म्हणे, त्यांनीच ती घरी पोचवली. तिला अभिमान वाटला असणारच, कुणाला वाटला नसता?

गावात एकच माणूस या सगळ्याच्या विरुद्ध होता. त्याचं नाव गोंदाजी. वय झालेलं, स्वभाव तिरसट, रान अगदी उताराच्या माथ्यावर. गडावरची माणसं शेण न्यायला लागली त्याच वर्षी तो चावडीपुढे उभा राहून म्हणाला, "शेण हे रानाचं खाणं हाय. ते भट्टीला घालताय, मग उद्या रान काय खाईल?"

लोक हसले. भिवराही हसली, आणि तिनं आणखी वर टोमणा मारला की म्हातारबाचं रान जेवायला बसलंय, कुणीतरी पत्रावळ मांडा. त्या टोमण्यावर गाव चार दिवस हसत होतं, असं म्हणतात. त्या दिवसापासून गोंदाजीचं आणि तिचं बोलणं तुटलं.

झाडं संपल्यावर गडाचं काम आणखी बारा वर्षं चाललं, आणि त्या बारा वर्षांत हिवरदऱ्याच्या रानात शेणाची एक पाटी पडली नाही.

आता रान काही एका दिवसात मरत नाही. पहिली तीन-चार वर्षं कुणाला काही कळलंही नाही. आधी माणसानं हात वर केला तरी बोटं कणसाला लागू नयेत अशी बाजरी यायची, ती खांद्याला आली. कुणी म्हणालं पाऊस कमी झाला. मग ती कमरेला आली, पानं पिवळी पडू लागली, कणीस करंगळीएवढं भरायला लागलं. नांगरताना मोठाली ढेकळं निघायची आणि ती काही केल्या फुटायची नाहीत. पावसाचं पाणी आत मुरायचं सोडून वरच्या वर वाहून जायचं, आणि जाताना उरलीसुरली माती ओढ्याला नेऊन घालायचं. नांगरामागून चालणारे बगळे यायचे बंद झाले, कारण तासात त्यांना खायला गांडूळच उरलं नव्हतं. पण बगळे का येत नाहीत, हे त्या वेळी कुणी कुणाला विचारलं नाही. तेव्हा गूळ वाटण्यात सगळे दंग होते.

पीक खुजं झालं तसा कडबा कमी झाला. कडबा कमी झाला तशी जनावरं दुसऱ्या गावी गेली, काही दावणीलाच मेली. बारा वर्षांनी गड पुरा झाला, भट्ट्या विझल्या, गूळ आणि लुगडी यायची थांबली, आणि तेव्हा गावानं मागे वळून बघितलं तर रानात घालायला शेणच नव्हतं. गोंदाजीचे दोन्ही बैल एकाच उन्हाळ्यात गेले होते. बोलला होता तो खरं, पण आता त्याच्याही हाती काही उरलं नव्हतं. त्याचं रान माथ्यावर, म्हणून सगळ्यांच्या आधी धुपून पांढरं पडलं. त्यात कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं.

गावानं सगळे उपाय केले. बियाणं लांबून आणलं, बोकड कापला, कुणाची दृष्ट लागली त्याचा शोध घेतला. माणसांनी एकमेकांवर संशय घेतला, पण स्वतःच्या हुडव्याच्या रिकाम्या जागेकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एकेक कुटुंब बोचकं बांधून जाऊ लागलं. सगळ्यांत आधी गेलं ते वेशीजवळचं एक घर. पुढच्या पावसाळ्यात ते ओसाड घर कोसळलं. त्याच्या भिंती आणि भुई पाण्याबरोबर वाहून शेजारच्या रानाच्या एका पट्ट्यात पसरली.

श्रावणात बघावं तर त्या पट्ट्यात डोक्याएवढी बाजरी. हिरवीगार, काळपट म्हणावी इतकी हिरवी. बाकी सगळ्या शिवारात गुडघ्याला येईल एवढीही नाही. लोकांना वाटलं देव प्रकटला. त्यांनी बांधावर एक दगड उभा केला, त्याला शेंदूर लावला आणि सगळं गाव नारळ घेऊन तिथे लोटलं.

भिवराही नारळ घेऊन गेली. तिनं त्या मातीवर डोकं टेकलं आणि तिला एक वास आला, तो तिच्या चांगला ओळखीचा होता. दर आठवड्याला घर सारवताना भुई ओली झाली की येतो, तोच तो वास. तिनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली. माती खारट लागली, राखेची चव आली. ती तिथेच बसून राहिली आणि हळूहळू तिला उमगलं. आपल्याकडे घर म्हणजे काय, अर्ध्यात माणसं आणि अर्ध्यात जनावरं. आठ दिवसांनी भुईला शेणाचं सारवण, गोठ्यातलं मूत मुरतंय ते तिथेच, चुलीची राख सांडतेय तीही तिथेच. चार-पाच पिढ्या हे चाललेलं. घराची भुई इतकी वर्षं जेवत होती आणि त्यातली शेवटची बारा वर्षं रान उपाशी होतं. भिवरानं नारळ फोडला नाही. घरी आणून त्याची चटणी केली, असं माझे आजोबा सांगायचे, आणि हे सांगताना त्यांना फार हसू यायचं.

पण त्या मातीवरून तिला आणखी एक गोष्ट कळली होती, आणि ती तिला सोसेना. गावाला ही गोवरी शिकवली कुणी? तिनंच. ज्या कसबासाठी बायकांनी तिची घागर वाहिली होती, त्याच कसबानं गाव उठायची वेळ आणली होती. कित्येक दिवस ती धड जेवली नाही. नवऱ्याला वाटलं बाहेरचं काही झालं.

शिमगा झाल्यावर हैबती पाटलानं चावडीवर गाव गोळा केलं. पाटील चांगला माणूस होता, पण थकला होता. त्यानं सांगितलं की आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की सगळ्यांनी मिळून निघू, खाली नदीकाठी जाऊ, कुणाच्या तरी आश्रयानं राहू. कुणी विरोध केला नाही. त्या काळी बायका चावडीवर बोलत नसत. भिवरा चावडीखालच्या झाडाशी उभी होती, तिथूनच ती बोलली. "ह्या हातांनी म्या रानाच्या तोंडचा घास काढून भट्टीला घातला," ती म्हणाली. "येक पावसाळा थांबा. माझ्या घराची भुई खणून रानात घालते. पीक न्हाई आलं तर जावा खुशाल, आन् मला हितंच सोडून जावा."

लोक कुजबुजले. राहत्या घराची भुई कुणी खणत नाही. घरात देव असतात, पूर्वज असतात, आणि त्या काळी तर जन्मलेल्या लेकराची नाळही घरातच पुरायचे. तिथे कुदळ मारायची म्हणजे संसार उकरायचा. पाटलानं एक अट घातली. तिचं रान त्यातल्या त्यात बरं होतं, तिथे पीक आलं तर काय सिद्ध होणार? गावातल्या सगळ्यांत वाईट रानात तिनं भुई घालावी. तिथे बाजरी आली तर गाव राहील. नाही आली तर दसऱ्याला गाड्या जुंपायच्या.

सगळ्यांत वाईट रान कुणाचं हे सांगायची गरज नव्हती. सगळ्यांनी गोंदाजीकडे बघितलं. तो उठला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि हो किंवा नाही काहीच न म्हणता घरी गेला.

वैशाखात भिवरानं देव माळ्यावर ठेवले, चूल बाहेर मांडली आणि घरात कुदळ घेतली. खणायची, पाटी भरायची, डोक्यावर चुंबळ ठेवून चढ चढायचा आणि गोंदाजीच्या रानात पाटी रिकामी करून परत यायचं. वैशाखातलं ऊन तुम्ही आज सकाळपासून बघताय. ते ऊन डोक्यावर घेऊन ती दिवसाला साठ-सत्तर पाट्या टाकायची म्हणे. आकडा थोडा वाढला असेल, पण चढ तोच आहे, तुम्ही चढून आलात. लोक दारात उभे राहून बघायचे. कुणी हात लावला नाही. ज्योत्याजीही चार दिवस दारातल्या हिवराच्या झाडाखाली मान खाली घालून बसून होता. पाचव्या दिवशी तो उठला आणि त्यानं तिच्या हातातून कुदळ घेतली. मग तो खणायचा आणि ती वाहायची. गोंदाजी रोज आपल्या बांधावर येऊन बसायचा, पण तिच्याकडे पाठ करून.

अकराव्या दिवशी सगळी भुई ढोपरभर खाली गेली होती. माजघराचा एक कोपरा तेवढा राहिला होता. भिवराला तीन लेकरं झाली होती, त्यातली दोन जगली. मधला मुलगा सव्वा वर्षाचा होऊन गेला होता. त्याची नाळ त्या कोपऱ्यात पुरलेली होती, आणि इतकी वर्षं ती तो कोपरा शेवटी सारवत असे, सावकाश. ज्योत्याजीनं कुदळ खाली ठेवली. तो म्हणाला, एवढा कोपरा राहू दे, एका पाटीनं काय होतंय.

भिवरा म्हणाली, "त्यालाबी मोठं व्हऊ द्या. हितं न्हाई झालं, तितं हुईल."

तो कोपरा तिनं स्वतः खणला, हातांनी. ती पाटी घेऊन ती एकटी चढावर गेली. माथ्यावरच्या रानात ती नेमकी कुठे रिकामी केली, हे तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मी ही गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल, पण या जागी आलो की मला थोडं थांबावं लागतं. माझीही एक मुलगी अशीच लहानपणी गेली. असो.

मृगात पाऊस झाला आणि पेरणी झाली. पंधरा दिवसांत रान उगवलं आणि एका कोपऱ्यातली बाजरी करपून गेली. पहिल्या दिवशी घाईघाईत भिवरानं तिथे पाट्यांवर पाट्या ओतल्या होत्या, थर जाड झाला होता. गावात चर्चा सुरू झाली की बघा, भुई खणल्याचा कोप झाला. खत जास्त झालं तरी पीक जळतं, हे तुम्ही वर्गात बसून शिकता. तिला ते शिकवायला कुणी नव्हतं. जिथे थर पातळ होता तिथली रोपं टवटवीत आहेत, हे तिनं बघितलं, आणि तीन दिवस गुडघ्यावर बसून तिनं तो जाड थर हातांनी ओढून सगळीकडे पसरला. मग त्या कोपऱ्यात पुन्हा बी टोकलं.

आषाढात दुसरं संकट आलं. खोल गेलेल्या घरात रस्त्यावरचं पाणी शिरू लागलं. लेकरं माळ्यावर झोपायची आणि नवराबायको घमेल्यानं पाणी उपसायची. रान बघावं की घर बघावं, तिला कळेना. एके दिवशी सकाळी दारात खटखट ऐकू आली. बाहेर गोंदाजी. त्यानं आपल्या बांधावरचा एक लांबलचक दगड मोळीच्या दोरानं बांधून, लाकडाच्या ओंडक्यांवरून घसरवत, स्वतःच बैलासारखा ओढत आणला होता. पहारीनं त्यानं तो दारात उभा बसवला आणि फटी चिखलानं लिंपल्या. आमच्या घरांचे उंबरे दगडी आणि एवढे उंच का, ते इथून सुरू झालं. काम उरकल्यावर तो चौदा-पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "आता पानी आत येनार न्हाई," तो म्हणाला. "तू रानाकडं बघ."

त्याला म्हणता आलं असतं की मी सांगितलं होतं. तेवढा हक्क त्याचा होता. त्यानं ते ना त्या दिवशी बोलून दाखवलं, ना नंतर कधी. मला या गोष्टीत भिवराइतकाच हा तिरसट म्हातारा आवडतो, आणि दोघांत मोठं कोण हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

श्रावणात माथ्यावरची बाजरी कमरेला आली. भादव्यात ती खांद्याच्या वर गेली. दसऱ्याच्या चार दिवस आधी गाव गाड्या भरायच्या तयारीत होतं, बोचकी बांधून झाली होती, आणि हैबती पाटील माणसं घेऊन रान बघायला चढला. गोंदाजी बांधावर होता, भिवरा त्याच्यापासून थोडी लांब उभी होती. पाटील पिकात शिरला आणि दिसेनासा झाला. पागोट्याचा तुरासुद्धा दिसेना. कितीतरी वेळ नुसती धाटं हलत होती. बाहेरच्यांना काळजी वाटून त्यांनी हाका मारल्या. मग आतून पाटलाचा आवाज आला. "बोचकी सोडा."

भिवरा बांधावर खाली बसली आणि रडली. बायका तिच्याभोवती जमल्या, ज्यांना तिनं गोवरी शिकवली होती त्याच. पुढच्या वैशाखात त्या सगळ्यांनी आपापल्या घरातली भुई खणली आणि रानात नेली. त्या वर्षी कडबा चांगला आला, मग जनावरं परत आली, शेण झालं, आणि या वेळी ते रानातच गेलं. चुलीला त्यांनी बांधावरची काटकी वापरली. तिसऱ्या वर्षी नांगरामागे बगळे उतरले. ते बघायला शाळा सुटावी तशी गावातली सगळी माणसं धावली होती, असं सांगतात.

भिवराचं देऊळ करावं असं गावाच्या मनात होतं. ती नको म्हणाली. तिनं गावाकडून एक शब्द मात्र घेतला. दर वैशाखात प्रत्येक घरानं आपल्या भुईतली एक पाटी काढायची आणि ती स्वतःच्या रानात न घालता, त्या वर्षी ज्याचं पीक सगळ्यांत कमी आलं त्याच्या रानात घालायची. आणि रान असं का झालं, हे त्या माणसाला कुणी विचारायचं नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून.

पाटीभर माती काढायची आणि ओंजळभर मुरूम घालून वरून सारवायचं, असं पिढ्यान् पिढ्या चाललं आहे. आजही आखितीच्या आधी गावातल्या पाच बायका सगळं शिवार फिरतात. कुणाला किती पोती झाली ते त्या विचारत नाहीत. कापलेल्या धाटाचं बूड चिमटीत धरून बघतात आणि त्यावरून रान ठरवतात.

तीन वर्षांमागे त्या माझ्या रानात थांबल्या.

मुलं पुण्याला गेल्यावर मी बैल विकले. शेणखत कोण वाहणार म्हणून नुसती पोत्यातली खतं टाकत गेलो. पोत्यातलं खत वाईट असतं असं मी म्हणत नाही, उगाच तुमच्या सरांशी वाद नको. पण चार-पाच वर्षं नुसतं तेवढंच दिलं, आणि माती मिठासारखी सैल, वरून पांढरट झाली. मला दिसत होतं. दरवर्षी मी एक गोणी जास्त टाकायचो आणि गावाला भिवराची गोष्ट सांगायचो. त्या बायकांनी धाट चिमटीत धरलं, एकमेकींकडे बघितलं आणि माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेल्या.

पाट्या यायच्या त्या दिवशी मी घरात दार लावून बसलो. लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू. बाहेर बायका जात होत्या, गप्पा मारत होत्या, लेकरांवर ओरडत होत्या, नेहमीसारख्या. आता गाव त्र्याऐंशी घरांचं आहे. दुपार टळल्यावर मला राहवलं नाही, मी रानात गेलो. सगळ्यांत शेवटी आली ती मागच्याच महिन्यात लग्न होऊन आलेली एक पोरगी, हातात अजून हिरवा चुडा होता. तिला काही माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "आबा, ही कुटं टाकू?" मी हातानं जागा दाखवली. तिनं पाटी ओतली, डोईवरचा पदर सारखा केला आणि गेली.

मग मी तिथे एकटाच उभा होतो. पायात गमबूट होते, औषध मारताना घालतो ते. समोर त्र्याऐंशी घरांची भुई पडलेली. त्यात कुणाच्या चुलीची राख असेल, कुणाची लेकरं तिच्यावर रांगली असतील, म्हातारी माणसं तिच्यावर शेवटचं झोपली असतील. हे सगळं लोकांनी माझ्या रानात आणून ठेवलं होतं आणि मी त्यावर बूट घालून उभा होतो. मी बूट काढले. तेव्हापासून मी माझ्या रानात पायताण घालून जात नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण पुढच्या वर्षी बघतो तर शेजारचा अनवाणी, मग त्याचा भाऊ. आजही तुम्हाला या शिवारात पायताण घातलेला गावकरी सापडायचा नाही.

चला, आता ऊन उतरलंय, माथ्यावरचं गोंदाजीचं रान दाखवतो. माती हवी तेवढी घ्या, बाटल्या भरा, कुणी अडवणार नाही. बूट तेवढे इथे बांधावर काढून ठेवा.